मण कोणता? मापी शेर आणि वजनी शेर यांचा घोळ

इंदापूर तालुक्यात नीरेच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात राहणारे आपले एक सभासद गेल्या वर्षी सुगीनंतर आम्हांकडे एक कागद घेऊन आले. कागद त्यांच्या भाऊबंदकीचा. चार घरे मिळून ग्रामदेवतेच्या उत्सवातील अन्नदानाचे धान्य पुरवितात. दर वर्षी एका घराची पाळी. १९११ साली वडीलधाऱ्या मंडळींनी तसे लिहून ठेविले आणि पुढे कोणीतरी त्या मोडी कागदाची बाळबोध नक्कल केली. नक्कलेत लिहिले आहे, 'दरसाल शाळू ज्वारी दोन मण.' एवढ्या चार शब्दांवरून घराघरांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती.

पुण्यास नोकरी करून परतलेले एक बंधू म्हणत, मण म्हणजे चाळीस किलो, तेव्हा ऐंशी किलो ज्वारी द्यावी. दुसरे बंधू निवृत्त शिक्षक. त्यांनी शाळेच्या जुन्या कोष्टकावरून दाखविले की मण सदतीस किलो तीनशे चोवीस ग्रॅमांचा, म्हणून पंचाहत्तर किलो पुरे. पाच किलोंसाठी वाद नको, हे दोघांसही समजत होते. परंतु ज्याची पाळी होती त्याने पंचाहत्तर घातले आणि पुढील वर्षी ज्याची पाळी येणार तो ऐंशी मागू लागला. आम्हांस विचारले गेले ते इतकेच, की दोघांपैकी बरोबर कोण?

आम्ही मूळ कागद मागितला. तो देवळातील पेटीत होता. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतला तेव्हा त्यात नक्कलेपेक्षा दोन शब्द अधिक निघाले: 'शाळू ज्वारी कैली बारुले मण दोन.' नक्कल करणाऱ्यास 'कैली बारुले' या शब्दांचा अर्थ लागला नसावा, म्हणून त्याने ते गाळले. आणि सारा अर्थ त्या दोन शब्दांतच होता. पंचाहत्तर व ऐंशी ही दोन्ही उत्तरे चुकीची होती, आणि चूक पाच किलोंची नव्हती.

जुन्या कागदांत धान्याचा आकडा दोन रीतींनी येतो. 'वजनी' म्हणजे तागडीत घालून तोललेला, आणि 'कैली' म्हणजे मापाने मोजलेला. गूळ, तूप, कापूस, हळद, लोखंड ही वजनी. ज्वारी, बाजरी, हरभरा, करडई ही खळ्यावर बहुधा कैली. दोन्ही रीतींत शेर आहे, दोन्हींत मण आहे, खंडीही आहे. नाव एक म्हणून वस्तू एक असे धरले की हिशेब तेथेच फसतो.

प्रथम वजनी शेर घेऊ. त्याचे मूळ तोळ्यात आहे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आपल्या आजोबांस पाठ होते. १८३५ साली कंपनी सरकारने जो रुपया पाडला त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा ठेविले. त्यामुळे 'रुपयाभार' आणि तोळा हे एकच झाले आणि ज्याच्याजवळ वजने नसत तो रुपये घालून तोलू लागला. अशा ऐंशी तोळ्यांचा शेर तो पक्का शेर. त्यापेक्षा लहान शेरही पुष्कळ होते आणि त्यांस कच्चा म्हणत. तो किती तोळ्यांचा, हे पेठेपेठेवर अवलंबून असे. शेराखाली अच्छेर, पावशेर, नवटाक. शेरावर पाच शेरांची पासरी, दहा शेरांचा धडा, चाळीस शेरांचा मण आणि एकशे वीस शेरांचा पल्ला. नवटाक हा शब्द आपण पावशेराच्या निम्म्यास वापरतो, पण त्याचा अर्थ नऊ टांक असा आहे. बहात्तर टांकांचा शेर, म्हणून त्याचा आठवा हिस्सा नऊ टांक.

मुंबई इलाख्यात या विविधतेस आळा घालण्यासाठी १९३२ साली वजने व मापे यांचा कायदा झाला आणि ऐंशी तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण हे प्रमाण ठरले. तत्पूर्वी मुंबईच्या पेठेत मण अठ्ठावीस रत्तलांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलोंचा होता. गुजराथेकडील मण चाळीस तोळ्यांच्या शेराचा, म्हणून तिकडे आजही मण म्हणजे वीस किलो असे व्यापारी बोलतात. बारामतीचा शेतकरी आणि राजकोटचा व्यापारी दूरध्वनीवर मणाचा भाव बोलू लागले तर एकाचा मण दुसऱ्याच्या दुप्पट असतो. म्हणून परप्रांताशी व्यवहार करताना क्विंटलाखेरीज दुसरा शब्द तोंडी येऊ देऊ नये.

१९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली. १९५८ च्या ऑक्टोबरापासून नवी वजने निवडक क्षेत्रांत आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून ती सर्वत्र सक्तीची झाली. पक्क्या शेराचे ९३३ ग्रॅम, मणाचे ३७ किलो ३२४ ग्रॅम, पल्ल्याचे ११२ किलो हे रूपांतर त्या वेळी छापील तक्त्यांतून गावोगाव गेले. तक्ते बरोबर होते. परंतु ते वजनी शेराचे होते, आणि गावकऱ्यांनी ते मापी शेरासही लावले. आमच्या सभासदाच्या गावी चूक केव्हा झाली हे आज कोणास सांगता येत नाही. बहुधा त्याच सुमारास झाली असावी.

आता मापी शेर. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे कोष्टक सर्वत्र जवळजवळ सारखे. परंतु पायलीच्या वर गेल्याबरोबर वाटा फुटतात. कोठे बारा पायल्यांचा मण धरीत, कोठे सोळा पायल्यांचा. बारांचा तो बारुले मण. वीस मणांची खंडी दोन्हीकडे, पण बारुले खंडीत २४० पायल्या आणि सोळांच्या खंडीत ३२०. एका खंडीत ८० पायल्यांचा फरक पडतो, आणि कागदावर शब्द मात्र एकच असतो.

पायलीचे चार शेर हे तागडीतले शेर नव्हेत, ही गोष्ट आम्ही पुन्हा सांगतो, कारण शिकलेली माणसे येथेच अधिक फसतात. चार शेर गुणिले ९३३ ग्रॅम असे करून ते पायली पावणेचार किलोंची ठरवितात. काही ठिकाणी तशी पायली मानतातही. परंतु खेड्यांतील बोलण्यात पायली पुष्कळदा सात किलोंच्या आसपास धरली जाते आणि मापटे एका किलोच्या जवळपास. म्हणजे तेथील मापी शेर वजनी शेराच्या जवळजवळ दुप्पट भरतो. ज्या गावची पायली मोठी त्या गावास छापील तक्ता लावला, तर देणे निम्म्यावर येते. जमीन खंडाने लावल्याचे जुने कागद, वाटणीपत्रांतील पोटगीचे धान्य, देवस्थानाची नेमणूक, बलुत्याचा हक्क, या सर्वांत धान्य कैली असण्याचा संभव अधिक. तेथे 'मण' दिसताच ३७.३२४ ने गुणू नये.

शिवाय माप हे जागा मोजते, भार मोजीत नाही. एकाच पायलीत गहू, शाळू आणि करडई भरून काट्यावर ठेवा. गहू व टपोरा मालदांडी शाळू यांत फरक थोडा पडेल. करडई मात्र त्याच पायलीत गव्हाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच भरते, कारण तिचे टरफल जाड आणि दाणा पोकळ बसणारा. म्हणून 'पायली म्हणजे अमुक किलो' हे वाक्यच अपुरे आहे. कशाची पायली, हे सांगितले पाहिजे. ओल्या आणि वाळलेल्या धान्यातही अंतर पडते. ओला दाणा फुगून जागा अधिक अडवितो, तेव्हा सुगीस मापाने घेतलेले धान्य वैशाखात मोजले तर माप कमी भरल्याचा भास होतो आणि बिचाऱ्या राखणदारावर आळ येतो.

आणि मग शीग. सपाट माप वेगळे आणि शिगोशीग भरलेले वेगळे, हे सर्वच जाणतात; परंतु शीग किती अधिक देते हे मापाच्या तोंडावर अवलंबून आहे, याकडे थोड्यांचेच लक्ष जाते. धान्याची रास ठरावीक उतारावर स्थिरावते; त्यापेक्षा उभी होऊ लागली की दाणे घरंगळतात. म्हणून तोंड रुंद असेल तर शिगेचा पाया रुंद होतो आणि उंचीही त्याच प्रमाणात वाढते. तोंडाचा व्यास दुप्पट केला तर शिगेतील धान्य दुपटीने नव्हे, आठ पटींनी वाढते. पोटात सारखेच धान्य मावणारी दोन मापे, एक उभट आणि एक पसरट, यांपैकी घेणाऱ्याच्या घरी बहुधा पसरट सापडावे आणि देणाऱ्याच्या घरी उभट, यात नवल नाही. धान्य उंचावरून ओतले, माप जरासे हलविले, काठावर हाताचा आडोसा धरला, यांपैकी प्रत्येक युक्तीने मूठ-पसा इकडचा तिकडे होतो. माप घालणाराने पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणावयाचे, ही आपली जुनी चाल. तो लाभ कोणाचा, हे हाताकडे पाहूनच ठरवावे लागे.

येथे इंदापूरकरांस त्यांच्याच तालुक्याचा एक इतिहास सांगावासा वाटतो. इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२८ ते १८३० या वर्षांच्या सुमारास, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने या भागाची पाहणी करून प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक किती, त्यास मशागतीचा खर्च किती, हे काढून उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसविला. कागदावर हिशेब फार सूक्ष्म होता. प्रत्यक्षात इंदापुरास तो जड झाला, जमिनी पडून राहिल्या, लोक गाव सोडून गेले. पुढे १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच इंदापुरात नवी आकारणी करून ती तीस वर्षांसाठी कायम केली. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेलेली रयतवारी पाहणीची रीत ती हीच. त्यांनी पिकाचे मण-पायल्या मोजून सारा काढण्याचा नाद सोडला. जमिनीची प्रत आण्यांत ठरविली आणि एकंदर तालुक्याची स्थिती पाहून दर बसविले. प्रिंगलचा हिशेब एकट्या मापांमुळे फसला असे आम्ही म्हणत नाही. त्यास इतर कारणे पुष्कळ होती. परंतु गावोगावच्या पिकाचा सूक्ष्म आकडा मांडून त्यावर कायमचे देणे बसविणे किती धोक्याचे, याचा दाखला हवा असेल तर तो आपल्या शिवारातच आहे.

त्या पाहणीच्या रीतीने आपणांस एकर आणि गुंठा दिले. तेहतीस फूट लांब व तितकाच रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मणाचेही शेर चाळीस, त्यामुळे आपल्या भागात एक सोयीचा हिशेब चाले: एकरी जितके मण, गुंठ्यास तितके शेर. आज विद्यापीठे व कृषिखाते हेक्टरी क्विंटल बोलतात आणि वडील मंडळी एकरी मण. दोघांची गाठ घालण्याची रीत फार सोपी आहे. एकरी पक्क्या मणांच्या आकड्यातून त्याचा तेरावा हिस्सा वजा करावा. उरेल ते हेक्टरी क्विंटल. एकरी तेरा मण म्हणजे हेक्टरी बारा क्विंटल. याहून जवळचे उत्तर व्यवहारात लागत नाही.

अशाच आणखी काही रीती वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. दर वेळी कोष्टक शोधण्याचे कारण पडणार नाही. पंधरा पक्के शेर म्हणजे चौदा किलो, म्हणून शेरांतून पंधरावा हिस्सा वजा केला की किलो होतात. तीन तोळे म्हणजे पस्तीस ग्रॅम. मणांचे क्विंटल करण्यास तिनाने गुणून आठाने भागावे, आणि मणाच्या भावाचा क्विंटलाचा भाव करण्यास उलट, आठाने गुणून तिनाने भागावे. यात शेकडा अर्ध्याची चूक राहते. जुने भाव नव्याशी ताडून पाहण्यास ती चालेल, पैसे देण्या-घेण्यास चालणार नाही. तेथे क्विंटलाचे मण २.६७९ धरावे. समजा, आजोबांच्या वहीत ज्वारीचा भाव मणास पंधरा रुपये लिहिला आहे. तो क्विंटलास चाळीस रुपये एकोणीस पैसे पडतो, आठ-तिनाच्या रीतीने चाळीस. वहीत मण 'कैली' असेल तर मात्र ही रीत बंद ठेवावी.

बियाण्याच्या बाबतीत ही गोष्ट पोटावर येते. रब्बी ज्वारीस हेक्टरी दहा किलो बी शिफारशीत आहे, म्हणजे एकरी चार किलो. 'आमच्या वडिलांपासून एकरी पायली चालत आली' असे सांगणाऱ्याची पायली पावणेचार किलोंची असेल तर तो शिफारशीच्या जवळ आहे. सात किलोंची असेल तर तो जवळजवळ दुप्पट बी पेरीत आहे, आणि शाळूच्या जिराईत रानात जमिनीतली ओल ठरलेली असता ताटांची गर्दी करून कणसे लहान करून घेत आहे. उलट, तरुण मुलगा 'पायली म्हणजे चार किलो' असे पुस्तकावरून धरून वडिलांच्या सात किलोंच्या पायलीने 'अर्धी पायली टाका' असे म्हणणाऱ्या गड्याशी भांडतो, तेव्हा गडी बरोबर असतो. घरचे माप एकदा काट्यावर घातले तर हे भांडण मिटते.

शब्द तोच आणि वस्तू वेगळी, याचे प्रकार धान्यापुरतेच नाहीत. कापसाची खंडी ७८४ रत्तलांची, म्हणजे ३५५ किलो ६०० ग्रॅमांची. रुईचे भाव अजूनही तिच्यावर बोलले जातात. वीस पक्क्या मणांची खंडी ७४६ किलोंची, म्हणजे तिच्या दुपटीहूनही अधिक. ऊसवाल्यांच्या जुन्या पावत्यांत टन आहे. माळेगाव आणि भवानीनगर येथील कारखाने १९५० नंतरच्या दशकात निघाले, आणि वालचंदनगरचा त्याहूनही आधी, १९३० नंतरच्या दशकात. मेट्रिक पद्धती येण्यापूर्वीचा टन २२४० रत्तलांचा होता. असे त्रेसष्ट टन म्हणजे आजचे चौसष्ट. एकरी उताऱ्याची तुलना करताना हा फरक लहान दिसतो, पण 'आमच्या आजोबांचा ऊस आमच्याहून कमी पडे' असे म्हणण्यापूर्वी तो जमेस धरावा. पोते हे तर मापच नव्हे. युरियाचे पोते २०१८ पर्यंत पन्नास किलोंचे होते, नंतर पंचेचाळीसांचे झाले. एकरी दोन पोती टाकण्याची सवय तशीच राहिली तर दहा किलो युरिया आपोआप कमी पडतो. कोणास तो कमी पडलेला बरा, कोणास नाही; पण हे आपल्या नकळत होऊ नये.

आणि तोळा. सराफाच्या दुकानी तोळा म्हटले की आज दहा ग्रॅम समजतात. आजीच्या पाटल्या 'पाच तोळ्यांच्या' म्हणून वाटणीपत्रात लिहिल्या असतील तर त्या पाच जुन्या तोळ्यांच्या, म्हणजे ५८ ग्रॅम ३०० मिलिग्रॅमांच्या. मोड घालताना पन्नास ग्रॅमांवर हिशेब झाला तर जवळजवळ पाऊण जुना तोळा हातचा जातो. सोन्याचे आजचे भाव पाहता याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

परतून मूळ कागदाकडे येऊ. 'कैली बारुले मण दोन' याचा अर्थ चोवीस पायल्या, इतके निश्चित झाले. पायली कोणती, हा प्रश्न राहिला. अशा वेळी पुस्तक उघडून उपयोग नाही. माप शोधावे लागते. कागद लिहिला गेला त्या काळचे माप गावात असेल तर तोच खरा साक्षीदार. सुदैवाने देवळाच्या कोठीत एक जुनी लोखंडी पायली निघाली. उत्सवाचे धान्य तिनेच मोजीत, असे गावातील सर्वांत वृद्ध गृहस्थांनी सांगितले. पडताळणीचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा आणविला. पायलीचा गंज घासून काढला, आतून पुसली आणि त्याच हंगामाचा वाळलेला शाळू सपाट भरून तोलला. तीन वेळा भरला, तिन्ही वेळा सहा किलो तीनशे ग्रॅमांच्या आगेमागे. शीग लावून सात किलो.

म्हणजे देणे सपाट मापाने १५१ किलो, शिगेच्या मापाने १६८ किलो. पंचाहत्तर किंवा ऐंशी यांपैकी एकही नव्हे. ज्या दोन घरांनी आपापसांत बोलणे टाकले होते ती दोन्ही घरे मिळून गप्प झाली. मग एकाने विचारले, कागदात शीग लिहिलेली नाही, तेव्हा सपाट का धरू नये? त्यावर ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अरे, देवाला कोणी काठ पुसून माप घालतो का?" त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि १६८ ठरले.

परंतु अडचण खरी पुढेच होती. १९११ साली चारही घरांची जमीन जवळजवळ सारखी होती. आज एका घरास कालव्याखालील बागाईत आणि एका घरास पाऊण एकर जिराईत एवढेच उरले आहे. त्या घराने गेली कित्येक वर्षे पंचाहत्तर किलोही विकत आणून घातले. त्याजवर एका कागदाच्या दोन शब्दांनी दुपटीहून अधिक ओझे चढविणे आम्हांस बरे वाटले नाही, आणि आम्ही तसे बोललो. मागील वर्षांची बाकी काढण्याची भाषा एकदोघांनी केली होती. ती तेथेच सोडून देण्यात आली. भाऊबंदांनी तीन बैठका केल्या. शेवटी पाळी मोडली. १६८ किलो दरसाल चौघांनी मिळून द्यावे, ज्याची जितकी जमीन त्याने तितका हिस्सा, असे ठरले.

नवा कागद करताना त्यात काय लिहावे, एवढेच त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही सांगितले की किलोचा आकडा अक्षरी व अंकी लिहा, धान्याची जात लिहा, धान्य वाळलेले असावे हे लिहा, आणि जुने शब्दही गाळू नका. त्याप्रमाणे कागदात आज असे आहे: शाळू ज्वारी, वाळलेली, कैली बारुले मण दोन, म्हणजे देवळातील लोखंडी पायलीने शीग लावून चोवीस पायल्या, काट्यावर १६८, अक्षरी एकशे अडुसष्ट किलो, पायलीचे तोंड आतून पंचवीस सेंटिमीटर, खोली सतरा सेंटिमीटर. मोडी मूळ कागद आणि पायली ही दोन्ही पुन्हा देवळाच्या कोठीत ठेवून किल्ली पुजाऱ्याकडे दिली आहे.